श्वापदाला नाव देण्यापूर्वी : दानीएल आणि प्रकटीकरणातील महासत्ता कशा वाचाव्यात

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरले. त्या आठवड्यातील शास्त्राभ्यासाला आमच्या मंडळीतील एक वयस्कर मावशी आपले पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन आल्या आणि यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय उघडून, इस्राएलावर चालून येणाऱ्या गोग नावाच्या शत्रूविषयी त्यांनी विचारले, "हाच ना तो गोग?" त्या पानात वर्तमानपत्राचे ताजे कात्रण होते. पुढे शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या अठराव्या अध्यायात, आणखी एक कात्रण निघाले. ते पिवळे पडलेले, घडीवर फाटू लागलेले, १९९१ च्या आखाती युद्धाचे होते आणि त्याच्या कडेला पेन्सिलीने ‘बाबेल’ असे लिहिलेले होते. तेव्हा बाबेल म्हणजे इराक होता. मावशींची तळमळ खरी आहे आणि त्यांचा प्रश्नही रास्त आहे, कारण पवित्र शास्त्र साम्राज्यांविषयी पुष्कळ बोलते आणि स्पष्ट बोलते. अडचण आहे ती क्रमाची. आपण बातमी आधी वाचतो आणि मग तिला जुळणारे वचन शोधतो. हा क्रम उलटा करण्यासाठी आमच्या गटात गेली काही वर्षे आम्ही जी पद्धत वापरतो, ती येथे पायरीपायरीने मांडत आहे. एक वही, दोन रंगांच्या पेन्सिली आणि संदर्भवचने दिलेले पवित्र शास्त्र एवढे साहित्य पुरते. पेन्सिलच घ्यावी, कारण बरेच काही खोडावे लागते.

पहिली पायरी : पत्ता वाचा

प्रकटीकरण हे पत्र आहे आणि पत्रावर पत्ता आहे. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया आणि लावदिकीया ही सात नगरे रोमी साम्राज्याच्या आशिया प्रांतात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागात होती. लिहिणारा योहान जवळच्याच पात्म बेटावर होता आणि बहुतेक अभ्यासक हे लेखन सम्राट दोमितियानाच्या कारकिर्दीच्या अखेरीचे, इ. स. ९५ च्या सुमाराचे मानतात. या नगरांत सम्राटपूजेची मंदिरे होती आणि पूजेला नकार देणे म्हणजे नगराच्या व्यवहारातून बाहेर पडणे होते. म्हणून कोणताही अर्थ लावताना पहिला प्रश्न असा विचारावा, की स्मुर्णातील जो विश्वासणारा हे पत्र मोठ्याने वाचले जात असताना ऐकत होता, त्याला या अर्थाचा काही उपयोग झाला असता का? त्याला ज्याचा गंधही लागणे शक्य नव्हते अशा यंत्राचे किंवा देशाचे नाव घातल्याशिवाय ज्या वचनाला अर्थच उरत नाही, तो अर्थ बहुधा आपण घातलेला असतो.

येथे एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दानीएलाला ग्रंथ अंतसमयापर्यंत मुद्रित करून, म्हणजे शिक्का मारून बंद, ठेवण्यास सांगितले आहे (दानीएल १२:४), तर योहानाला नेमके उलट, मुद्रित करू नकोस, समय जवळ आहे असे सांगितले आहे (प्रकटीकरण २२:१०).

दुसरी पायरी : मजकूर स्वतः जे उलगडतो त्याखाली रेघ ओढा

एका रंगाने फक्त ती वचने अधोरेखित करावीत, ज्यांत दृष्टांताचा अर्थ शास्त्रानेच दिला आहे. सोन्याचे शिर म्हणजे नबुखद्नेस्सर (दानीएल २:३८). दोन शिंगांचा एडका म्हणजे मेद व पारस (प्राचीन इराणातील दोन राज्ये) यांचे राजे, बकरा म्हणजे ग्रीसचा राजा आणि त्याचे मोठे शिंग म्हणजे तेथील पहिला राजा (दानीएल ८:२०-२१). सात समया म्हणजे सात मंडळ्या (प्रकटीकरण १:२०). स्त्री बसली आहे ते सात डोंगर असून ती स्त्री म्हणजे पृथ्वीच्या राजांवर राज्य करणारी मोठी नगरी (प्रकटीकरण १७:९, १८). दुसऱ्या रंगाने ती वचने खुणावावीत, ज्यांचा अर्थ आपण ऐकीव माहितीवर धरून चाललो आहोत. ही रेघोटी ओढताना प्रत्येक वेळी गटात शांतता पसरते, कारण ज्या गोष्टी शास्त्रात लिहिलेल्याच आहेत अशी आपली खात्री असते, त्यांपैकी अनेक दुसऱ्या रंगात निघतात.

तिसरी पायरी : वहीत कालपट आखा

ही पायरी सर्वांत कष्टाची आहे आणि सर्वांत जास्त फळ हिचेच मिळते. पानाच्या डाव्या बाजूला वचन, मध्ये सत्ता आणि उजवीकडे वर्ष लिहावे. इ. स. पू. ५३९ मध्ये पारसाच्या कोरेशाने (सायरसने) बाबेल घेतले. इ. स. पू. ३३३ मध्ये इस्ससला आणि ३३१ मध्ये गौगामेलाला सिकंदराने पारसाचा पाडाव केला आणि ३२३ मध्ये तो बाबेलातच मरण पावला. त्याच्या सेनापतींच्या दीर्घ झगड्यातून पुढे टॉलेमी, सेल्युकस, कॅसँडर आणि लिसिमॅकस यांची राज्ये उभी राहिली. बकऱ्याचे मोठे शिंग मोडून त्याच्या जागी चार शिंगे निघतात, ती हीच असे बहुतेक टीकाकार मानतात.

यानंतर अकरावा अध्याय घ्यावा. उत्तरेचा राजा व दक्षिणेचा राजा ही नावे ऐकताच आज लोक नकाशावर मॉस्को शोधू लागतात. परंतु अध्याय वहीशेजारी ठेवून वाचला, की उत्तरेला सिरियातील सेल्युकस घराणे आणि दक्षिणेला मिसरातील (इजिप्तमधील) टॉलेमी घराणे वचनामागून वचन उभे राहते, आणि त्या दोघांच्या मध्ये, दोन जात्यांच्या पाळ्यांत सापडावे तसे, यरुशलेम सापडलेले दिसते. यातील एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. कित्तीमाची, म्हणजे पश्चिमेकडच्या समुद्रापलीकडील लोकांची, जहाजे उत्तरेच्या राजावर येतील आणि तो खिन्न होऊन मागे फिरेल, असे तिसाव्या वचनात आहे. इ. स. पू. १६८ मध्ये सेल्युकस घराण्याचा अंतियोख चौथा मिसर जवळजवळ जिंकून अलेक्झांड्रियाच्या वेशीपर्यंत आला होता. तेथे त्याला रोमचा दूत गायस पोपिलियस लेनास भेटला. राजाने अभिवादन केले, तेव्हा पोपिलियसाने हात पुढे करण्याऐवजी रोमच्या सिनेटचा लेखी हुकूम त्याच्या हाती ठेवला : मिसरातून निघून जा. मित्रांशी सल्लामसलत करतो, असे राजा म्हणाला. पोपिलियसाने हातातल्या द्राक्षवेलीच्या काठीने राजाच्या भोवती वाळूत वर्तुळ ओढले आणि या रेघेबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी उत्तर दे असे सांगितले. राजाने मान तुकवली. एका काठीने ओढलेल्या रेघेत जगाची सत्ता ग्रीकांच्या हातून रोमच्या हाती जाताना दिसते, आणि ते एका वचनात मावले आहे.

अपमानित होऊन परतलेल्या त्या राजाचा राग यरुशलेमावर निघाला. इ. स. पू. १६७ मध्ये मंदिरातील नित्य होमबली बंद पडला, वेदीवर परक्या देवाची वेदी उभी राहिली, सुंता करणे आणि नियमशास्त्र जवळ बाळगणे देहान्ताचे गुन्हे ठरले. इ. स. पू. १६४ मध्ये यहूदा मक्काबी आणि त्याच्या साथीदारांनी मंदिर पुन्हा शुद्ध केले आणि त्याचे स्मरण म्हणून हनुक्का हा सण पाळला जातो. हा इतिहास मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अंतियोखाच्या जुलमातून निघाले, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणाऱ्या आणि शनिवार पाळणाऱ्या या शनिवार तेल्यांना पूर्वी हनुक्का ठाऊक नव्हता. मंदिराच्या शुद्धीपूर्वीच आपण देश सोडला होता, असे त्याचे कारण समाजात सांगितले जाते. दानीएल शिकवताना मी ही हकीकत नेहमी सांगतो. आठव्या अध्यायात बकऱ्याच्या चार शिंगांपैकी एकातून निघणारे लहान शिंग, म्हणजे अंतियोख, मग कोडे राहत नाही. त्याच्या भयाने लोक समुद्रात उतरले होते, हे कळते.

अकराव्या अध्यायाच्या अखेरीस मात्र थांबावे. चाळिसाव्या वचनापासून पुढचा वृत्तान्त अंतियोखाच्या ज्ञात शेवटाशी जुळत नाही. तो यरुशलेमाजवळ न मरता पारसाच्या बाजूला मरण पावला. तेथून भविष्यकाळातील ख्रिस्तविरोधकाचे वर्णन सुरू होते असे काही टीकाकार म्हणतात, तर ग्रंथ छळाच्या काळातच पूर्ण झाला आणि तेथून लेखकाच्या डोळ्यांपुढील आशा बोलते असे इतर म्हणतात. वहीत दोन्ही मते लिहावीत आणि पुढे जावे.

चौथी पायरी : चौथे राज्य कोणते, याचा वाद समजून घ्या

दानीएलाच्या दुसऱ्या अध्यायातील पुतळ्यात चार राज्ये आहेत : सोने, रुपे, पितळ, लोखंड. सातव्या अध्यायातही चारच : सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचे भयंकर श्वापद. मेद व पारस एक धरले तर चौथे राज्य रोम ठरते. वेगळे धरले तर ग्रीस ठरते. हा वाद आजचा नाही. तिसऱ्या शतकात पोर्फिरी नावाच्या ख्रिस्तविरोधी तत्त्वज्ञाने दानीएल अंतियोखाच्या काळात लिहिला गेला असा युक्तिवाद केला आणि पाचव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ती विद्वान जेरोमने आपल्या टीकाग्रंथात त्याला उत्तर दिले. आठव्या अध्यायात मेद व पारस एकाच एडक्याची दोन शिंगे आहेत, म्हणून माझा स्वतःचा कल रोमकडे आहे; पण त्याच आठव्या अध्यायातले लहान शिंग ग्रीसमधून निघते आणि सातव्यातले चौथ्या राज्यातून, ही अडचण मी गटापुढे लपवीत नाही.

त्याहून बोलकी साक्ष पहिल्या शतकाच्या शेवटी लिहिल्या गेलेल्या ‘एज्राचे चौथे पुस्तक’ या यहूदी ग्रंथात मिळते. त्यात समुद्रातून वर येणाऱ्या गरुडाचा, म्हणजे रोमचा, दृष्टांत आहे आणि देवदूत सांगतो की तुझा भाऊ दानीएल याला दिसलेले चौथे राज्य ते हेच, परंतु मी तुला आता जसे उलगडून सांगत आहे तसे त्याला सांगितले नव्हते. नव्या साम्राज्याखाली चिरडले जाणारे लोक जुनाच दृष्टांत पुन्हा वाचत होते आणि आपण नव्याने वाचत आहोत याची त्यांना जाणीव होती. ती जाणीव आपल्यालाही हवी.

पाचवी पायरी : श्वापदाचे अवयव मोजा

प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील श्वापद चित्त्यासारखे आहे, पाय अस्वलाचे, तोंड सिंहाचे आणि शिंगे दहा. दानीएलाने चार निरनिराळी पाहिली, योहानाने चारही एका देहात पाहिली. म्हणजे योहानाच्या डोळ्यांपुढील सत्तेत बाबेल, पारस आणि ग्रीस यांचे सगळे बळ व सगळी क्रूरता एकवटली होती. ती कोणती हे त्याच्या वाचकांना सांगावे लागत नव्हते. सम्राट वेस्पासियानाच्या काळात, इ. स. ७१ मध्ये पाडलेल्या एका नाण्यावर रोमा देवी सात टेकड्यांवर बसलेली दाखवली आहे. सात डोंगरांवर बसलेल्या स्त्रीविषयी पत्रात ऐकताना हे चित्र कोणाच्या कमरेच्या थैलीतही असू शकत होते.

श्वापदाची संख्या म्हणून दिलेल्या सहाशे सहासष्टचेही तसेच आहे. त्या काळी अक्षरेच अंक म्हणून वापरीत, त्यामुळे प्रत्येक नावाची बेरीज होत असे. ‘नेरोन कैसर’, म्हणजे रोमी सम्राट नीरो, हे नाव इब्री (हिब्रू) अक्षरांत लिहिले तर ५०, २००, ६, ५० आणि १००, ६०, २०० अशी बेरीज बरोबर ६६६ येते. शेवटचे ‘न’ हे अक्षर गाळून लॅटिन धाटणीने ‘नेरो’ लिहिले तर ५० कमी होऊन ६१६ उरतात, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत खरोखरच ६१६ हा आकडा आढळतो. हा योगायोग मानणे मला कठीण जाते. ही बेरीज गटातील प्रत्येकाने स्वतः करून पाहावी. बारकोड, आधार क्रमांक किंवा लस हीच श्वापदाची खूण आहे, ही भीती त्यानंतर बरीच ओसरते.

सहावी पायरी : नावांचा शोध ध्वनीवरून घेऊ नका

आता मावशींचा प्रश्न. यहेज्केल ३८:२ मध्ये गोगाला रोश, मेशेख व तुबाल यांचा अधिपती म्हटले आहे. रोश म्हणजे रशिया, मेशेख म्हणजे मॉस्को आणि तुबाल म्हणजे सायबेरियातील टोबोल्स्क, हे समीकरण १९०९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या स्कोफील्ड यांच्या टिपांच्या पवित्र शास्त्रामुळे दूरवर पसरले. परंतु इब्री भाषेत ‘रोश’ म्हणजे डोके किंवा प्रमुख. जुन्या ग्रीक भाषांतराने ते नाव मानले, तर जेरोमच्या लॅटिन भाषांतराने ‘मुख्य अधिपती’ असा अर्थ घेतला. नाव मानले तरी रशियाचे नाव ज्या ‘रुस’ लोकांवरून पडले ते यहेज्केलानंतर हजाराहून अधिक वर्षांनी इतिहासात येतात, आणि मॉस्कोचा पहिला लेखी उल्लेख इ. स. ११४७ चा आहे. मेशेख व तुबाल कोठे होते हे शोधायला यहेज्केलच पुरतो : सत्ताविसाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनात ते सोर या बंदरनगरीच्या बाजारात माणसे आणि पितळी भांडी विकतात. अश्शूरी लेखांत मुश्की व तबाल या नावांनी ते आजच्या तुर्कस्तानाच्या अंतर्भागात सापडतात.

गोगाचा इतिहास लिहावा तेवढा थोडा आहे. इ. स. ३७८ च्या सुमारास मिलानचा बिशप अँब्रोज याने गोग म्हणजे रोमवर चालून आलेले गॉथ लोक असे म्हटले. धर्मपंडित ऑगस्टीनने काही दशकांनी गोग-मागोग कोणत्या एका रानटी जमातीचे नाव समजू नये असे बजावले. १५२९ मध्ये उस्मानी फौजा व्हिएन्नाला भिडल्या तेव्हा जर्मन धर्मसुधारक ल्यूथरला गोग तुर्कांत दिसला. मग रशिया आला.

सातवी पायरी : चुकलेल्या उत्तरांची यादी जवळ ठेवा

ही यादी कोणाला हिणवण्यासाठी करायची नाही, कारण तिच्यात देवभीरू माणसे आहेत. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलरने दानीएल ८:१४ मधील २३०० दिवस वर्षे मानून ती इ. स. पू. ४५७ पासून मोजली. त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला आणि हजारो लोक येशूच्या पुनरागमनाची रात्रभर वाट पाहत बसले. सप्टेंबर १९१८ मध्ये, हर्मगिदोनाची शेवटची लढाई जेथे होणार असे मानतात त्या मगिद्दोच्या परिसरात खरोखर लढाई झाली, तिच्यात भारतीय घोडदळ होते, उस्मानी साम्राज्य कोसळले आणि जग चालू राहिले. १ जानेवारी १९८१ ला ग्रीस युरोपीय समुदायाचा दहावा सदस्य झाला तेव्हा दहा शिंगे पूर्ण झाली असे सांगितले गेले. १९८६ मध्ये स्पेन व पोर्तुगाल आल्यावर बारा झाली. इस्राएलाच्या स्थापनेच्या १९४८ मध्ये एका पिढीची ४० वर्षे मिळवून १९८८ हे शेवटाचे वर्ष काढले गेले. आयझॅक न्यूटन स्वतः आयुष्यभर दानीएलात बुडालेला होता, तरी त्यानेही लिहून ठेवले, की देवाने आपल्याला संदेष्टे करायचे ठरवले आहे अशा थाटात काळवेळ सांगणे हा टीकाकारांचा मूर्खपणा आहे.

याच ठिकाणी चार पंथांची ओळख करून द्यावी : बहुतेक सारे पहिल्या शतकात पूर्ण झाले म्हणणारे, मंडळीच्या संपूर्ण इतिहासात क्रमाने पूर्ण होत आहे म्हणणारे, मुख्य भाग अजून व्हायचा आहे म्हणणारे आणि हे सर्व काळांतील संघर्षाचे चित्र आहे म्हणणारे. आपले पाळक किंवा आपण ऐकतो तो उपदेशक यांपैकी कोठे उभा आहे हे कळले, की त्याच्या वाक्यातला किती भाग शास्त्राचा आणि किती पंथाचा ते वेगळे करता येते.

आठवी पायरी : आता आजच्या सत्तांकडे पाहा

इतके झाल्यावर वर्तमानपत्र उघडावे, आणि ते उघडलेच पाहिजे. दानीएल बाबेलाच्या दरबारात काम करीत होता. जगाच्या राज्यकारभाराकडे पाठ फिरवण्याची मुभा हा ग्रंथ देत नाही. फक्त प्रश्न बदलावा. हा देश कोणते शिंग आहे, असे विचारण्याऐवजी श्वापदाची जी लक्षणे दिली आहेत ती येथे दिसतात का, असे विचारावे. मोठमोठ्या बढाया मारणारे तोंड आहे का (दानीएल ७:८)? राज्यकर्त्यासाठी भक्ती मागितली जाते का (प्रकटीकरण १३:४)? जो नमत नाही त्याची खरेदी-विक्री अडवली जाते का (१३:१७)? या फूटपट्टीने अमेरिका, चीन, रशिया, इराण, इस्राएल आणि भारत या सगळ्यांना मोजावे आणि स्वतःच्या देशापासून सुरुवात करावी, कारण जुन्या टीकाग्रंथांत श्वापद बहुतेक वेळा शेजारच्या देशात सापडते आणि ते शोधणाऱ्याच्या देशात क्वचितच.

एका तपासणीविना कोणत्याही राष्ट्राला दोषी ठरवू नये. त्या राष्ट्राविषयी शास्त्र आणखी काय म्हणते ते पाहावे. यहेज्केल ३८:५ मध्ये पारस गोगाच्या सैन्यात आहे, म्हणून इराणचे नाव ऐकताच लोक बोट दाखवतात. पण यशया ४५:१ मध्ये त्याच पारसाचा राजा कोरेश परमेश्वराचा अभिषिक्त आहे आणि त्यानेच बंदिवानांना घरी पाठवले. यशया १९:२५ मध्ये मिसराला माझी प्रजा आणि अश्शूराला माझ्या हातचे कार्य म्हटले आहे. तेहरानमध्ये आज येशूचे नाव घेणारे गुप्तपणे एकत्र जमतात. त्यांच्या शहरावर पडणाऱ्या बाँबला आपण भविष्यवाणीची पूर्तता म्हणून टाळ्या वाजवाव्यात, हे मला मान्य होणार नाही.

गटाची पहिली बैठक घेणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. आरंभ तेराव्या अध्यायाने करू नका, अठराव्याने करा. बाबेलासाठी रडणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाची यादी १२ व्या व १३ व्या वचनांत आहे. ती एकाने सावकाश वाचावी आणि बाकीच्यांनी एकेक जिन्नस वहीत उतरून घ्यावा : सोने, रुपे, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, द्राक्षारस, सपीठ, गुरे, घोडे, रथ. यादीतला शेवटचा जिन्नस लिहून झाला की पेन्सिल खाली ठेवावी. तो जिन्नस म्हणजे माणसांचे जीव. त्यानंतर आमच्या गटात थोडा वेळ कोणी बोलत नाही, आणि मग मावशी प्रार्थनेला सुरुवात करतात.